माउलीच्या खडपावरचा दोर

माझ्या सासूला सातोळीच्या खाडीवर सगळे साळू तांडेलीण म्हणत. सासरे सोमा तांडेल सरकारी आरमारात गलबत चालवत, म्हणून ती तांडेलीण. पण सासऱ्यांचा हुकूम गलबतापुरताच. घरी आले की तेही बिचारे उंबऱ्याबाहेर पाय पुसून हाक येईपर्यंत उभे राहत. मी लग्न होऊन त्या घरात गेले, तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "रूप काय चुलीत घालूचा आसा? हात दाखव." मी हात पुढे केले. तिने ते उलटसुलट करून पाहिले. "कालवां फोडलेले हात न्हय हे. शिकतले हळूहळू."

ती स्वतः काही खाऱ्या पाण्यातली नव्हती. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी गोडं व्हायला लागतं, तिथल्या तरीवर तिचा बाप होडी चालवायचा. बंदरावरच्या बायका सुरुवातीला तिला 'गोडी' म्हणून चिडवत. त्याच बायका पुढे तिच्या तोंडाला टरकून असत, हा भाग वेगळा. मासळीच्या वाट्यावरून कुणी कुरकुर केली की ती कमरेला पदर खोचून उभी राही, आणि ती उभी राहिली की निम्मं भांडण तिथंच संपे.

आमची खाडी दर्यावरून नवख्याला दिसतच नाही. उत्तरेला ग्रामदेवी माउलीचं खडप, काळ्याभोर खडकाचं, कालवांनी भरलेलं. दक्षिणेला रेतीच्या पुळणीचं लांब शेपूट, ते दर पावसाळ्यात आपली जागा बदलतं. मधल्या तोंडातून जेमतेम दोन गलबतं शेजारी-शेजारी आत येतील, आणि तोंडाच्या बाहेर रेतीचा दांडा. ओहोटी लागली आणि समोरून वारा आला की त्या दांड्यावर लाटा अशा उभ्या राहतात की जाणता तांडेलही आत यायला कचरतो. आत शिरलं की खाडी पोट सोडते. दोन्ही हातांना खाजण, तिवरांचं रान, मग गाव. म्हातारे सांगत, पूर्वी मालाची मोठी शिबाडं थेट वरच्या तरीपर्यंत जात आणि घाटावरचा गूळ भरून परत येत. मग सरकारच्या गुराबा, लढाईची मोठी जहाजं, बांधायला वरच्या डोंगरातला साग तुटला, डोंगर उघडा पडला, त्याची माती खाडीत आली. ज्या खाडीने गुराबांना लाकूड दिलं, त्याच खाडीत गुराब शिरेनाशी झाली. सासू म्हणायची, "आमचीच लाकडां, आमच्याच दारात येवची नाय." हसून म्हणायची, पण हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

टोपकर फिरंग्यांनी ही खाडी एकदा जाळलेली. म्हणून तोंडावर दोर होता. मांडीएवढा जाड काथ्याचा दोर, त्याला मधूनमधून माडाची ओंडकी आणि धोंडे बांधलेले. एक टोक पुळणीवरच्या खांबाला, दुसरं माउलीच्या खडपावरच्या रहाटाला. चौघींनी रहाट फिरवला की दोर पाण्याच्या वर ताणून उभा राही. रहाटाला एक लाकडी खिटी होती. मोगरीचा एक ठोका घालून ती उडवली की धोंड्यांच्या वजनाने दोर खाली बसे आणि गलबत वरून निघून जाई. हे काम पूर्वी एका म्हाताऱ्याकडे होतं. तो पावसाळ्यात वारला आणि गावातले सगळे धड बाप्ये आरमारात गेले, तेव्हा मोगरी साळूकडे आली. कुणी दिली नाही. तिने घेतली.

त्या वर्षी आमचं गलबत आरमाराबरोबर गेलं, त्यावर सासरे तांडेल, माझे घरधनी सुकाणूवर, आणि बाकीचे सगळे भावकीतलेच. गेले त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारची वेळण्याची खाडी जळाली. टोपकरांनी आमच्याच आरमारातलं एक गलबत धरलं होतं. त्यावर आमचाच भगवा ठेवला, स्वतःच्या खलाशांना आमची पागोटी घातली, मागून लटकेच दोन मचवे पाठलागाला लावले, आणि धरलेल्या एका गड्याच्या पाठीला सुरा लावून त्याच्याकडून ओरडून घेतलं, आम्ही आपलेच, वाट द्या. वेळण्याच्या बायका आरती घेऊन धावल्या. त्यांतल्या दोन आमच्याकडे चालत आल्या, म्हणून हे कळलं. त्यांच्या अंगावरची लुगडी अर्धी जळालेली होती.

माउलीच्या देवळात सगळे जमले. खाडीवरच्या लाकडी मेढेकोटातले हवालदार, देवीला गाऱ्हाणं घालणारा घाडी, भटजी, आणि आम्ही बायका. झेंड्यावर भरवसा नाही, कपड्यांवर नाही, आवाजावरही नाही, मग आपला माणूस ओळखायचा कसा? कुणालाच सुचेना. तेव्हा सासू म्हणाली, "टोपकराक आमचो झेंडो मिळतलो, आमची पागोटी मिळतली. पण माउलीक मान दिवचो ह्या तेका कोण सांगतलो?"

आमच्या खाडीत येणारं प्रत्येक गलबत माउलीच्या खडपासमोर आलं की शीड अर्ध्यावर उतरवतं. वारा असो, पाऊस असो, मागे कुणी लागलेलं असो. शिकवावं लागत नाही. पोर बापाच्या मांडीवर बसून गलबतातून जातं तेव्हाच पाहतं.

"शीड उतरवलान, तर आपलो. नाय उतरवलान, तर टोपकर," सासू म्हणाली. "मगे वरून कोण कितीय बोंबलांदे."

हवालदार घाटावरचे. त्यांनी विचारलं, "आणि आपलंच माणूस घाईत विसरलं तर?"

सगळं देऊळ हसलं. "जेवच्या आदी हात धुवूक विसरतलो एक वेळ," घाडी म्हणाला. हवालदारांनी मान डोलावली आणि साळूच्या अकलेची तारीफ केली. मला फार बरं वाटलं. माझी सासू आहे, असं मी वेळण्याच्या त्या बायकांना सांगितलंसुद्धा.

लढाई आमच्या डोळ्यांसमोर झाली. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला आणि दर्या वाडग्यातल्या पेजेसारखा निवला. टोपकरांची दोन मोठी जहाजं वाऱ्यावाचून जागच्या जागी खिळली. आमच्या लोकांना हेच हवं असतं. गलबतं वल्ह्यांवर निघाली, गुराबांना दोर लावून ओढत, आणि जहाजांच्या मागच्या अंगाला गेली. मोठ्या जहाजाच्या तोफा कुशीला असतात. पाठीमागून त्याला फारसं काही करता येत नाही. आम्ही खडपावर उभ्या होतो. आमचं गलबत मी आखूड डोलकाठीवरून ओळखलं. धूर उठे, मग बऱ्याच वेळाने आवाज येई. सासू मोगरी आपटून ओरडत होती, "हाण तेच्या बोच्यार! आजून एक हाण!" आणि आम्ही इतक्या भीतीतही हसत होतो.

दुपार कलली आणि दर्यावरचा खारा वारा सुटला. जहाजांची शिडं भरली. पहिलं जहाज वळलं, सावकाश, आणि त्याची कूस आमच्या गलबतांसमोर आली. एका वेळी सगळ्या तोफा उडाल्या. धूर वाऱ्याने बाजूला झाला तेव्हा एक गुराब होती तिथं नुसती लाकडं होती. त्यानंतर लढाई अशी राहिलीच नाही. जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. कुणी दक्षिणेला, कुणी खोल दर्यात. आणि एक गलबत, आखूड डोलकाठीचं, आमच्या खाडीकडे वळलं.

भरती संपून ओहोटी लागली होती. दांड्यावर लाटा उठायला लागल्या होत्या. गलबताचं शीड फाटलेलं, एका कुशीला कललेलं, वर भगवा. मागून टोपकरांचे दोन मचवे वल्ही मारत येत होते.

"आमचाच आसा," मी म्हणाले. "आये, आमचाच."

"वेळण्याकय तेंचाच होता," सासू म्हणाली. ती खिटीजवळ मोगरी घेऊन उभी होती. "शीड बघ. तुझे डोळे तरणे. उतरला की सांग."

गलबत जवळ आलं. खडपासमोर यायला थोडंच अंतर उरलं. शीड तसंच होतं. मी म्हटलं, आता उतरेल. आता. सुकाणूवरचा माणूस दिसत होता, पागोटं नव्हतं, कपाळावरून रक्त आलं होतं. शीड तसंच.

मग आवाज आला. वारा दर्यावरून आमच्याकडे होता, म्हणून स्पष्ट आला.

"आये! दोर सोड! दोर सोड गो आये!"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. सासूनेही ओळखला. तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती खडपाच्या अगदी कडेला गेली आणि ओरडली, "शीड उतर! रवळू, शीड उतर बाबा!" पण वारा आमच्या तोंडावर होता. तिचा शब्द तिच्याच मागे गावाकडे जात होता. तिने दोन्ही हात वरून खाली, वरून खाली करून दाखवलं. त्यांना काय कळणार? दोर खाली नेते आहे, असं वाटलं असेल. ते आणखी जोराने ओरडले, "होय, होय, दोर! सोड!"

आमच्यातल्या बायका रडायला लागल्या. त्यांचेही होते त्या गलबतावर. कुणी म्हणे सोड, कुणी म्हणे नको, पोरं आहेत मागं गावात. मी सासूच्या हातातली मोगरी धरली. "आये, तेच आसत. माका दिसतत. तेच आसत!"

"पाठीक सुरो आसलो तर?" ती म्हणाली. "पाठीक सुरो आसलो तर, गो?"

"नाय! सोडा!"

मी मोगरी ओढली. तिने मला असं ढकललं की मी कालवांवर पडले, दोन्ही कोपरं फुटली. तिथून मी त्यांच्या नावाने हाक मारली. लग्न झाल्यापासून ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. साऱ्या गावादेखत, माउलीदेखत काढलं. "रवळू! शीड!" वाऱ्याने तेही मागे नेलं.

सासू खिटीवर बसली. मोगरी मांडीवर घेऊन, खिटी आपल्या अंगाखाली झाकून बसली आणि पुटपुटत राहिली, "उतर रे राजा. एकदाच उतर. वाईचसा उतर. मी सोडतंय, बघ, लगेच सोडतंय."

शीड उतरलं नाही.

गलबत शीड तसंच ठेवून दोरावर आलं. रहाट करकरला, खडप हादरल्यासारखं वाटलं. दोर तुटला नाही. चांगला वळलेला होता. गलबताची पुढची नाळ अडली, मागचा भाग ओहोटीने फिरला आणि ते आडवं झालं. आडव्या गलबताला दांड्यावरच्या लाटा सोडत नाहीत. पहिल्या लाटेने डोलकाठी मोडली. दुसरीने माणसं पाण्यात फेकली. मचव्यांमधले टोपकर पुढे आले आणि पाण्यातल्या डोक्यांवर बंदुका झाडायला लागले. तेव्हा आम्हाला कळलं. टोपकर टोपकरांवर कशाला गोळ्या झाडतील? सासू खिटीवरून उठली, आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मला सांगता येणार नाही.

मेढेकोटावरच्या तोफा सुरू झाल्या तसे मचवे मागे फिरले. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात शिरलो. चार जण जिवंत हाती लागले, माझे घरधनी त्यांत नव्हते. त्या चौघांतला एक जैतू, सासूचा पुतण्या. त्याला चिखलातून ओढून वर घेतलं. सासूने त्याला श्वासही घेऊ दिला नाही.

"शीड कित्याक नाय उतरवलात? मेल्यांनो, शीड कित्याक नाय उतरवलात?"

जैतू तिच्याकडे बघतच राहिला. त्याला प्रश्नच कळला नाही. ते गेल्यावर देवळात काय ठरलं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? "काकी," तो म्हणाला, "कसा उतरवतले? सोमाकाका सकाळीच गेले. गोळी लागली. मडा गलबतात घेवन माउलीक मान दितत काय? सगळ्यांकच सुतक. रवळू म्हणालो, शीड तसाच रवांदे, बाटवूक नको."

सुतक. त्या देवळात घाडी होता, भटजी होते, आणि लग्नात नाही तर मर्तिकात ज्यांचा जन्म गेला अशा म्हाताऱ्या होत्या. लढाईवर माणसं पाठवून बसलो होतो आम्ही. तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही की लढाईत माणूस मरतो, आणि मेला की भावकीला सुतक लागतं, आणि सुतकात देवाला हात जोडत नाहीत. आपल्या धर्माने वागणाऱ्यालाच आडवा येईल असा दोर आम्ही बांधला होता. नंतर घाडीने तोडगा काढला, सुतकातल्या गलबताने डोलकाठीला सुपारीचं झाप बांधावं. नंतर सगळ्यांना सगळं सुचतं.

नवरा गेल्याचं आणि मुलगा आपल्याच दोराने बुडवल्याचं, दोन्ही तिला एकाच उत्तरात कळलं. तिने खडपावर हात आपटून बांगड्या फोडल्या. मग माझा हात धरायला आली. मी तो हिसडून घेतला आणि माझ्या मीच फोडल्या. सासऱ्यांचं प्रेत शिडाच्या कापडात नीट गुंडाळून डोलकाठीच्या बुंध्याशी बांधलेलं सापडलं. माझे घरधनी दुसऱ्या भरतीला तिवरांत सापडले.

हवालदार आले. गाव वाचलं होतं, ते खोटं नव्हतं. त्यांनी सरकारातून तिच्यासाठी लुगडं आणलं होतं, हिरवं. विधवेला हिरवं लुगडं, शहाणा माणूस. सासूने ते उलगडलं, हातभर पसरून पाहिलं आणि म्हणाली, "ह्येचा काय करू? शीड करू?" हवालदार मान खाली घालून गेले.

मला माहेरी जा म्हणाले सगळे. भाऊ न्यायला आलाही होता. मी गेले नाही. का, ते विचारू नका. तिच्यावर माझा इतका राग होता की तिला एकटी सोडून सुखाने राहू देणं मला परवडणार नव्हतं. पहिला पावसाळा आम्ही एका चुलीवर जेवलो आणि एक शब्द बोललो नाही. गाव म्हणालं, दोराचं काम आता दुसऱ्या कुणाला देऊ. ती म्हणाली, "मोगरी दुसऱ्याच्या हाती देवची नाय. जा पाप ह्या हाताक लागला, ता ह्याच हाताक लागांदे."

पण तो हात पूर्वीचा राहिला नव्हता. पावसाळा संपून पहिलं गलबत आलं, शीड छान उतरलं, आणि तिचा ठोका खिटीवर बसेना. एकदा चुकला, दोनदा चुकला. गलबत जवळ येत होतं. मी मागून जाऊन तिचं मनगट धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून खिटी उडवली. पुढे हीच रीत पडली. तिची मोगरी, माझा हात.

त्या दिवसाबद्दल ती मला एकच विचारायची. कालवं फोडताना, पेज निवताना, कधीही. "मागचे मचवे किती लांब होते गो?"

गावाने तिला समजावलं होतं, ते तुझेच हे कळलं असतं तरी दोर सोडता आला नसता. त्यांच्या मागोमाग टोपकर आत घुसले असते. ह्या एका गोष्टीवर ती जगत होती. आणि मी पाहिलं होतं. मचवे लांब होते. दोर खाली जाऊन, गलबत आत येऊन, रहाट फिरवून दोर पुन्हा ताणून वर दोन घास खाता आले असते इतके लांब. रागात कित्येकदा ते माझ्या जिभेवर आलं. ते सांगितलं असतं तर तिला मारायला मोगरी लागली नसती.

"पाठीलाच होते आये," मी म्हणायची. "सुकाणूला हात लावतील इतके."

"व्हय मां?"

"होय."

मग ती पुढचं कालव घ्यायची.

असं आम्ही म्हातारपणापर्यंत केलं. मीही म्हातारी झाले. ती खाटेला खिळली तेव्हा अन्न जात नव्हतं, पेजेचं पाणी तेवढं चमच्याने. एका दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, तिने मला जवळ बोलावलं आणि तेच विचारलं. मी तेच सांगितलं.

"लबाड," ती म्हणाली. "ते पार दांड्याच्या भायर होते. माझेय डोळे चांगले होते त्या दिवशी."

मी चमचा वाटीत ठेवला. इतकी वर्षं. रोज.

तिने माझं मनगट धरलं. मी हिसडून घेतलं नाही.

"तरी सांग," ती म्हणाली. "परत एकदा सांग गो चेडवा."

"पाठीलाच होते आये," मी म्हणाले. "सुकाणूला हात लावतील इतके."